टाकाऊ नोंदींचा न्याय

स्मरणाची थोरवी पुष्कळांनी वर्णिली आहे. विस्मरणाच्या वाट्यास मात्र निंदेवाचून फारसे काही आलेले नाही. वस्तुतः ज्याला काहीच विसरता येत नाही, त्याला विचार करणेही दुर्घट होईल. धान्य निवडल्यावाचून घरात चूल पेटत नाही, तसेच हे आहे. तेव्हा टाकावे की नाही, हा प्रश्नच नव्हे. काय टाकावे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न होय.

तो मजपुढे आला एका अगदी रुक्ष निमित्ताने. धारणी येथील आमच्या महाविद्यालयाच्या संगणकांची साठवण भरत आली होती. संगणक आपली रोजनिशी अखंड लिहीत असतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. कोण आत आले, कोणास प्रवेश नाकारला, कोठे चूक झाली, हे सर्व तीत असते. परंतु तिचा मोठा भाग निराळाच असतो. एक यंत्र दुसऱ्यास क्षणोक्षणी ‘जिवंत आहेस ना?’ असे विचारते, दुसरे ‘आहे’ म्हणते, आणि हा संवादही इमानाने लिहिला जातो. तो साठविण्यास पैसा लागतो, त्याची प्रत राखण्यास पुन्हा पैसा लागतो. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने सुचविले की असली बडबड साठवणीत जाण्यापूर्वीच गाळावी, नित्याच्या ओळींपैकी शंभरांत एक नमुन्यादाखल ठेवावी, आणि चुका व प्रवेशाच्या नोंदी तेवढ्या पूर्ण राखाव्यात. सूचना निर्दोष होती. तरीही सही करताना माझा हात थबकला.

त्यास कारण घडले होते. आमच्या एका कोरकू विद्यार्थ्यास जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यावयाची होती. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. त्यापूर्वीच्या पुराव्यास अशा कामी मोठे वजन असते. पणजोबा शाळेत गेलेच नव्हते. आजोबांच्या शाळेचे जुने रजिस्टर खोली रिकामी करताना रद्दीत गेले होते. अखेर विदर्भात ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत एक ओळ सापडली. पणजोबांचे एक मूल चार दिवसांचे होऊन वारले होते. त्याचे बारसेही झाले नव्हते. म्हणून ओळीत त्याचे नाव नाही. बापाचे नाव, जात आणि ‘ताप’ एवढेच आहे. त्या काळी कोणास विचारले असते, तर यापेक्षा निरुपयोगी ओळ दुसरी दाखविता आली नसती. तीच एका मुलाच्या शिक्षणाचा आधार झाली.

यावरून सर्वच जपावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. गंजीत हरवलेली ओळ आणि जाळलेली ओळ यांत शोधणाऱ्याच्या दृष्टीने फारसे अंतर नसते. शिवाय माणसाच्या हालचालींची नोंद जपणे ही त्याच्यावरील एक सत्ताच असते. कोणत्या मुलाने रात्री काय वाचले, हे महाविद्यालयाने दहा वर्षे ध्यानात ठेवणे यास मी जतन म्हणणार नाही; ती पाळत होय. येथे विसरणे हाच सभ्यपणा आहे.

आपल्या जुन्या कचेऱ्यांनी हा पेच ओळखला होता. महसुली दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, तर ‘ड’ वर्षभराने निकालात काढावयाचा. आणि जे नष्ट केले त्याचीही यादी ठेवावयाची. या शेवटच्या नियमात मला मोठी नीती दिसते. गाळलेली गोष्ट आणि न घडलेली गोष्ट या पुढे कागदावर सारख्याच दिसतात. यादी असेल तर मागाहून येणाऱ्यास निदान एवढे कळते की हे मौन आमचे आहे, वस्तुस्थितीचे नव्हे.

टाकण्यातील अन्याय बहुधा येथेच असतो: बचत एकाची होते आणि हानी दुसऱ्याच्या पदरी पडते. खोली रिकामी करणाऱ्यास जागा मिळाली. किंमत मात्र ज्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्याला द्यावी लागली. म्हणून टाकणाऱ्याने प्रथम स्वतःस विचारावे की माझी चूक झाल्यास ती कोण भोगील? मीच भोगणार असेन तर खुशाल टाकावे. दुसरा भोगणार असेल तर हात आखडावा. यंत्राने यंत्रास दिलेला होकार गेल्याने कोणाचेही काही जात नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याचा अर्ज यंत्राने नाकारला, त्याची ती ओळ त्याची आहे, आमची नव्हे.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशा नोंदी १८० दिवस राखण्यास सांगितले आहे. ती मुदत सुरक्षिततेच्या विचाराने ठरली आहे. न्यायाची मुदत कोणत्या निर्देशात सापडणार? मी सही केली. मात्र सहीखाली दोन अटी लिहिल्या. नाकारलेल्या अर्जांची ओळ गाळू नये. आणि काय गाळले, केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून, याची एक साधी वही ठेवावी. सहकारी हसून म्हणाले, “सर, म्हणजे साठवण पुन्हा वाढली.” वाढली खरी, पण एका वहीपुरतीच.