सोबत हाच खरा पहारा



आपल्या किकवीत काय किंवा भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही गावात काय, घरातले माणूस जेवेनासे, बोलेनासे झाले की कोणीतरी म्हणतेच, "बाहेरचे काही असेल, देवऋष्याला दाखवा." हे मागे टाकून आलेल्या वाटेवरचे बोलणे आहे. जीव नकोसा होणे हे दुखणे आहे. ते पूर्वजन्मीचे पाप नव्हे आणि भूतबाधाही नव्हे. दुखण्यावर उपचार असतो, आणि गुण येईपर्यंत त्या माणसाला जपावे लागते.

कसे जपावे? विनयपिटकातली हकीकत पाहा. भगवान वैशालीला महावनात असताना पंधरा दिवस एकांतात राहिले. परत आले तो संघ विरळ दिसला. त्यांनी आनंदाला कारण विचारले. देहाच्या अशुभाचे चिंतन करता करता कित्येक भिक्खूंना जिण्याची किळस आली होती आणि त्यांनी जीवन संपविले होते. भगवंतांनी उरलेल्या सर्वांना एकत्र बोलावले, आनापानसति म्हणजे श्वासावरील ध्यान शिकवले, आणि नियम घातला की कोणी कोणाचा प्राण घेऊ नये, मरणाची वाखाणणी करू नये, मरणाला उद्युक्त करू नये.

उपासकहो, "असल्या जगण्यापेक्षा मेलेला बरा" हे आपल्या घरातले रागाचे वाक्य या नियमात बसते, हे विसरू नका.

आता कोठडीचा विचार करा. अटकेनंतरचे पहिले काही तास आणि दिवस फार धोक्याचे असतात. इस्पितळातून घरी आल्यानंतरचे दिवसही तसेच. दारावरचा शिपाई गजाआडचा माणूस पाहतो. त्याच्या मनातले त्याला दिसत नाही. ते घरच्यांना ठाऊक असते. म्हणून आपला माणूस धरला गेला तर लाजू नका. त्याने पूर्वी असा प्रयत्न केला असेल, औषध चालू असेल, तर पोलिसांना, डॉक्टरांना आणि न्यायाधीशांना लेखी कळवा. डी. के. बसू खटल्यातील 1996 च्या निकालाने कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली आहे, ती मागा. भेटीला जा. भेट चुकवू नका.

इस्पितळात आणि घरी पाळ्या लावून जवळ बसा. त्याला कोंडू नका, प्रवचन देऊ नका. "मरावेसे वाटते का?" असे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट ओझे हलके होते. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा असा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचे मानतो आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. सरकारच्या 14416 या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही बोलता येते.

संघाला शरण जातो असे आपण रोज म्हणतो. मग विहारात वंदनेला आज कोण आले नाही, हे पाहणे आपलेच काम आहे. उद्यावर न टाकता त्याच्या घरी जा.

नमो बुद्धाय! जयभीम!