बॉस

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की टपऱ्यांवर ‘बॉस’ची नुसती खैरात चालते. ‘बॉस, दोन कटिंग.’ ‘बॉस, गाडी जरा पुढे घे ना.’ ज्याला हाक जाते तो बहुधा कुणाचाच वरिष्ठ नसतो. खऱ्या वरिष्ठासाठी आपण ‘साहेब’ राखून ठेवला आहे.

गंमत म्हणजे हा शब्द रुजला तोही साहेबाला साहेब म्हणायचं टाळण्यासाठीच. न्यूयॉर्क ही आधी डचांची वसाहत. १६६४ साली ती इंग्रजांकडे गेली, पण डच बोली मागे उरली. त्या बोलीत कामावरच्या उस्तादाला ‘बास’ म्हणत. पुढे अमेरिकेतल्या गोऱ्या मजुरांना मालकाला ‘मास्टर’ म्हणणं नकोसं झालं, कारण तो शब्द गुलामांच्या तोंडचा. त्यांनी ‘बास’ उचलला, त्याचा ‘बॉस’ झाला. मालक तोच, काम तेच. फक्त हाक मारताना मान ताठ राहिली. यात गुलामांविषयी कळवळा मात्र नव्हता. आम्ही त्यांच्यातले नाही, एवढंच सांगायचं होतं.

तोच ‘बास’ डचांबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेला आणि तिथे काळ्या मजुराच्या मानेवर बसला. गोऱ्याला ‘बास’ म्हणायचं, त्याच्या शेंबड्या पोरालाही ‘छोटे बास’ म्हणायचं! वर्णद्वेषी राजवटीत गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या धोरणाचं नावच ‘बासस्काप’ पडलं. अमेरिकेतही शब्द धड राहिला नाही. न्यूयॉर्कचं राजकारण मुठीत ठेवणारा ‘बॉस’ ट्वीड सरकारी तिजोरी लुटून १८७८ मध्ये तुरुंगात मेला.

सातपुरात बॉशचा कारखाना आहे. जुनी मंडळी त्याला अजून ‘मायको’च म्हणतात. बॉश हे आडनाव, ‘बॉस’शी त्याचा काही संबंध नाही. पण ते आडनाव लावणाऱ्या रॉबर्ट बॉशने १९०६ साली, कुणाची सक्ती नसताना, जर्मनीत श्टुटगार्टच्या आपल्या कारखान्यात कामाचा दिवस आठ तासांवर आणला. त्याला ‘लाल बॉश’ असं नाव पडलं. बॉस म्हणवून घेण्याचा हक्क असलाच तर अशा माणसाला. जर्मनीत आठ तासांचा नियम सरकारने लागू केला तो १९१८ साली.