आधी विचारा, मग रागवा

लालबर्र्याच्या आपल्या उन्हाळी बालसंस्कार शिबिरात यंदा तिसऱ्याच दिवशी पंगत अडली. सात मुलं ताटावर बसेचनात. कारण काय? सकाळी अंथरूण आवरलं नाही म्हणून एका दादाने एका लेकराला सगळ्यांसमोर म्हटलं, "घरी पाठवून देईन!"

आम्ही सेवेकऱ्यांनी आधी मुलांनाच दोष दिला. "आजकालची पोरं ऐकतच नाहीत." तेव्हा स्वयंपाकातल्या मावशी म्हणाल्या, "पहिल्यांदा आईला सोडून आलं ते. घडी घालायला शिकवली का कोणी?" आम्ही गप्प.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. मुलांच्या खोल्या पसरलेल्या दिसल्या की स्वतः झाडायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे. बोलायचे काहीच नाहीत. मुलांनाच लाज वाटायची, मग ती स्वतः आवरू लागली.

आमचा दादा उठला, मुलाजवळ जमिनीवर बसला. "माझं चुकलं रे. उद्या दोघं मिळून घडी घालू." ज्या सगळ्यांसमोर बोलला होता, त्याच सगळ्यांसमोर. पंगत बसली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने शेजारच्याचंही अंथरूण आवरलं.

बंधू-भगिनींनो, शिस्त हवीच. पण भीतीची शिस्त शिबिर संपलं की संपते. प्रेमाची घरापर्यंत येते.

या आठवड्याची साधना : घरात कोणी चुकलं तर आधी एकांतात कारण विचारायचं. आणि आपलं चुकलं, तर लहानांपुढेही कबूल करायचं.

जय गुरुदेव 🙏