आईचा नवस आणि मुलाचं पाचारण

शंका : फादर, मी वसईचा. वय 22, बी.कॉम. झालो, नोकरी करतो. दोन वर्षांपासून धर्मगुरू व्हावं असं सारखं मनात येतं. मी तान्हा असताना मरता मरता वाचलो, तेव्हा आईनं वांद्र्याच्या मोतमाउलीला ‘हा पोर तुझा’ असा नवस बोलला होता. ही ओढ माझी की नवसाची? मामा म्हणतात, ओळखीच्या एका संघामार्फत थेट रोमला शिकायला जा, इथल्या सेमिनरीत कशाला अडकतोस? मलाही रोमला जावंसं वाटतं. हा लोभ आहे का?

समाधान : आधी नवसाचं. चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतलं 1193 वं कलम सांगतं की नवस बोलणाऱ्यालाच बांधतो. आईचा नवस तुला लागू होत नाही. तिनं उपास करावा, नोव्हेना करावी, माउलीला जाऊन यावं. तुझं आयुष्य देऊन टाकणं तिच्या हातात नव्हतं. 1026 वं कलम तर कुणालाही, कसल्याही कारणानं, गुरुदीक्षा घ्यायला भाग पाडू नये असं बजावतं. योग्य उमेदवाराला अडवायलाही तेच कलम मनाई करतं.

या नवसांचा मला राग येतो, तो लपवत नाही. ‘आमच्या घरात एक फादर हवा’ म्हणून पोराला सेमिनरीच्या दारात सोडायचं, दीक्षेच्या दिवशी गावभर मांडव घालायचा, बँड आणायचा, पाकिटं घ्यायची, कर्ज काढून जेवणावळी उठवायच्या. आणि तोच पोर चौथ्या वर्षी ‘हे माझं नाही’ म्हणत परतला, की त्याच घरानं तोंड लपवायचं. सेमिनरीतून परतलेल्या तरुणांना लग्नाच्या बोलणीतही टोमणे खाताना मी पाहिलं आहे. अरे, सेमिनरी आहे कशासाठी? पाचारण खरं की नाही हे पारखण्यासाठीच ना! प्रामाणिकपणे परत आलेला मुलगा देवाशी खोटं बोललेला नसतो. खोटं बोलतो तो घरच्यांच्या भीतीनं दीक्षा घेणारा, आणि त्याचे घाव पुढे सगळ्या धर्मग्रामाला सोसावे लागतात.

आता रोम. दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांना गोव्यात एतद्देशीय म्हणून दीक्षा नाकारली गेली. ते रोमला गेले, तिथं शिकून धर्मगुरू झाले आणि 1637 साली बिशप झाले. त्यांना इथलं दार बंद होतं म्हणून ती वाट धरावी लागली. तुला गोरेगावची सेमिनरी उघडी आहे, पुण्याची आहे. तत्त्वज्ञानाची दोन आणि ईशज्ञानाची चार अशी निदान सहा वर्षं तुला कुठंही काढावीच लागतील. रोममध्ये त्याआधी इटालियन शिकावं लागेल. आपल्याकडचे कितीतरी धर्मगुरू दीक्षेनंतर बायबल किंवा धर्मसंहिता शिकायला रोमला जातात, पण धर्मप्रांताची गरज पाहून बिशप पाठवतात तेव्हा. शिकण्याची हौस हा लोभ नव्हे. मात्र विमानाच्या तिकिटाचं आमिष दाखवून मुलं गोळा करणाऱ्यांपासून दूर राहा. पाचारणाची अशी भरती होत नसते.

एकच गोष्ट स्वतःला विचार. बिशपांनी उद्या जव्हारच्या किंवा तलासरीच्या पाड्यावर पाठवलं, जन्मभर रोम दिसलंच नाही, तरी ही ओढ उरेल? आजाऱ्याच्या उशाशी बसताना, मिस्सा संपून देऊळ रिकामं झाल्यावर एकटाच मागे राहिलास तर ती जाणवते? जाणवत असेल, तर ती नवसाची नाही, मामांचीही नाही.

येत्या रविवारी तुझ्या धर्मग्रामाच्या फादरांची वेळ घे. मामांना नम्रपणे नाही म्हण. आणि हे उत्तर आईला वाचून दाखव. तिच्या नवसातून ती मोकळी आहे की नाही हे तिनं फादरांशी बोलावं, तुझ्याशी नव्हे.