सात नंबरचा उंदीर

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी माझ्या सात नंबरच्या उंदराला एक घर जास्त पळवलं आणि तो मेला. निदान फाशाने तरी तसं सांगितलं. मी समोर बसलेल्या मित्राला म्हटलं, "हा नको ना यार. याला रंगवायला दोन आठवडे लागलेत मला. परत टाक." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि फासा परत टाकला. उंदीर वाचला. या गोष्टीला बरेच महिने झाले, पण ती काही डोक्यातून जात नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही (माझ्या घरच्यांसकट बहुतेकांना तो माहीत नाही) त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. 'ब्लड बोल' हा पटावरचा खेळ आहे. जर्व्हिस जॉन्सनने तो तयार केला आणि इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने तो १९८६ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणला. अमेरिकन फुटबॉलची ही थट्टा आहे. मैदानावर माणसांऐवजी राक्षस, बुटके, एल्फ आणि उंदीरमाणसं उतरतात. त्यांचा देव 'नफल', म्हणजे अमेरिकेतल्या एनएफएल या लीगच्या नावाचा चुकीचा उच्चार! पट २६ बाय १५ घरांचा. एका वेळी प्रत्येकाचे अकरा खेळाडू मैदानात. खेळाडू म्हणजे तीन-साडेतीन सेंटिमीटर उंचीच्या प्लास्टिकच्या मूर्ती, ज्या विकत घेताना करड्या असतात. जोडायच्या आणि रंगवायच्या आपण.

लीग खेळताना प्रत्येक खेळाडूचं नाव, नंबर आणि कामगिरी एका तक्त्यात लिहिलेली असते. सामने होतात तसा तो अनुभवी होतो, नवी कौशल्यं शिकतो, जखमी होतो. आणि कधीतरी मरतो. मेला की तक्त्यावर काट मारायची. पुढच्या सामन्यात तो नाही.

माझा संघ स्केव्हन, म्हणजे उंदरांचा. मुंबईकराने दुसरा कुठला घ्यावा? त्यातल्या सगळ्यात चपळ खेळाडूला नियमपुस्तकात 'गटर रनर'च म्हणतात. सात नंबर हा माझा गटर रनर. वाऱ्यासारखा पळणारा आणि अंगाने पापडासारखा.

आम्ही शीव कोळीवाड्यात राहतो. माझी रंगवायची जागा म्हणजे खिडकीशी ठेवलेलं टेबल. तिथे दिवसा ऑफिसचा लॅपटॉप असतो आणि रात्री दहानंतर रंग. पावसाळ्यात स्प्रेचा प्रायमर मारता येत नाही. हवेतल्या दमटपणामुळे रंगावर बुरशी आल्यासारखा पांढुरका थर बसतो. त्यामुळे प्रायमर उन्हाळ्यातच उरकायचा. मग बेस कोट. मग पातळ गडद रंगाचा वॉश, जो खाचांत उतरून सावल्या तयार करतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग. सगळ्यात शेवटी डोळे. लालबाग-परळच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे रेखण्याच्या कामाला आखणी म्हणतात आणि ते काम कुणाच्याही हाती देत नाहीत. माझ्या उंदराचं अख्खं डोकं हरभऱ्याच्या डाळीएवढं. सात नंबरची आखणी मी तीनदा पुसली. चौथ्यांदा तो माझ्याकडे बघायला लागला.

संघ रंगवून झाला की आईच्या शोकेसमध्ये जातो. मधल्या कप्प्यात, माझ्या शाळेच्या ट्रॉफीशेजारी. येणारे पाहुणे कौतुक करतात आणि लगेच विचारतात, "पण याचं करायचं काय?"

*

आता त्या रविवारबद्दल. ज्याच्याशी खेळत होतो तो माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं कुटुंब फाळणीनंतर इथल्या निर्वासितांच्या वस्तीत आलेलं, पंजाबी. आता तो पनवेलला राहतो. रविवारी हार्बरने जीटीबी नगरला उतरतो, ज्या स्टेशनाला आमच्याकडची जुनी माणसं अजून कोळीवाडाच म्हणतात. त्याचा संघ ऑर्क राक्षसांचा, आणि पूर्ण करडा. एकाही मूर्तीला रंग नाही. नंबर लक्षात राहावेत म्हणून बुडाला मार्करने आकडे घातलेत.

सात नंबरला मी मर्यादेपलीकडे एक घर जास्त पळवलं. असं करताना फाशावर एक पडला तर खेळाडू आपटतो. एकच पडला. मग त्याचं चिलखत फुटलं, मग इजा गंभीर निघाली, मग सोळा बाजूंचा फासा टाकला. आम्ही खेळतो त्या आवृत्तीत पंधरा किंवा सोळा म्हणजे मृत्यू. पंधरा. संघाचा वैद्य त्याच सामन्यात आधी वापरून झाला होता. मी नंतर हिशेब केला. हे सगळं ओळीने घडण्याची शक्यता साधारण ६९१ मध्ये एक येते. इंजिनिअरला अशा वेळी वाटतं की हा बग आहे. पण विरळ असणं म्हणजे अन्याय असणं नव्हे. नियमपुस्तक मी वाचलेलं होतं आणि ते एक घर मीच मोजलं होतं.

सामना संपल्यावर सामान आवरताना मित्र सहज म्हणाला, "पिछले महीने मेरा ब्लिट्झर मरा था. तब तूने नहीं बोला परत टाक. तेरा पेंटेड है इसलिए?"

आवाजात राग नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

*

पहिलं उत्तर जे सुचलं ते असं: हो, रंगवलाय म्हणूनच. मेहनत केलीये. मेहनतीने काही हक्क तयार होत नाही का? जॉन लॉकने सतराव्या शतकात मांडलेला विचार हाच तर आहे. कुणाच्याही नसलेल्या गोष्टीत माणूस आपले श्रम मिसळतो आणि ती त्याची होते. पण सात नंबर माझा आहे याबद्दल वाद कुठे होता? लॉककडून फार तर मालकी मिळते. फासा परत टाकायचा अधिकार मिळत नाही.

दुसरं, मेहनतीमुळे वस्तूची किंमत वाढते, पण कुणाच्या डोळ्यांत? नॉर्टन, मोचॉन आणि अ‍ॅरिएली या संशोधकांनी २०१२ मध्ये 'आयकिया इफेक्ट' या नावाने एक निष्कर्ष छापला. स्वतः घड्या घालून केलेल्या नवशिक्या ओरिगामीला माणसं जवळजवळ तज्ज्ञांच्या कामाएवढी किंमत देतात. त्याच कागदाला त्रयस्थ माणूस फारशी किंमत देत नाही. म्हणजे माझे दोन आठवडे मला स्वच्छ दिसतात. समोरच्याला दिसतो तो एक उंदीर.

तिसरी गोष्ट लक्षात यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. फासा पडला तेव्हा मी रंगवलेल्या मूर्तीला काय झालं? काहीच नाही. शेपटीचा एक टवकासुद्धा उडाला नाही. खेळाडू मेला असता तरी मूर्ती तशीच माझ्या हातात राहिली असती, चारही प्रयत्नांच्या आखणीसकट. मेलं असतं ते तक्त्यावरचं एक नाव आणि त्यापुढचे आकडे. ते आकडे रंगवून आलेले नव्हते, खेळून आलेले होते. आणि खेळून तर मित्राचा ब्लिट्झरही मोठा झाला होता. म्हणजे मेहनतीचं कारण मी पुढे केलं खरं, पण मला वाचवायची होती ती मेहनत नव्हतीच. मला हरायचं नव्हतं, एवढंच. रंगामुळे ते बोलून दाखवायला जरा बरं कारण मिळालं.

*

यातून सुटायचा एक सोपा मार्ग आहे. चांगल्या मूर्ती शोकेसमध्येच ठेवायच्या, खेळायला करड्या घ्यायच्या. बरेच हौशी लोक केवळ रंगवण्यासाठी आणि मांडून ठेवण्यासाठीच मूर्ती घेतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आपल्याकडे याचं जुनं उदाहरण सावंतवाडीची गंजिफा. गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येकात बारा. ही कला विझत आली होती तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला पुन्हा उभं केलं. आमच्या ऑफिसातल्या एकीच्या घरी त्यातले काही पत्ते फ्रेम करून भिंतीवर लावलेत. सुंदर दिसतात. मी विचारलं, खेळायचं कसं? तिला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. चित्र वाचलं ते काचेमुळे. पण त्या काचेमागे मत्स्याचा राजा कुणाला मारत नाही की कुणाकडून हरत नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त सौंदर्यविचाराच्या अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन बाजू मांडल्या, ते मला ती फ्रेम पाहताना आठवलं. काचेतला पत्ता एका बाजूचा आणि हातातला पत्ता दुसऱ्या बाजूचा. दोन्ही खरे. मी मात्र सात नंबरला हातात घेऊन खेळत होतो आणि त्याला काचेतल्याची सवलत मागत होतो.

फासे पडून गेल्यावर निकाल मागे घेण्याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या सभापर्वात आहे. सगळं हरून झाल्यावर धृतराष्ट्र द्रौपदीला वर देतो, पांडव सुटतात, राज्यही परत मिळतं. लगेच दुसरं द्यूत होतं आणि बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास पदरी येतो. पण म्हणून पहिला निकाल मागे घेणं चूक होतं असं मला वाटत नाही. माणूस पणाला लावताच येत नाही. तिथे नियमच गुन्हेगार होता आणि तो मोडणंच योग्य होतं. माझ्या पटावर मात्र पणाला लागलं होतं ते तक्त्यावरचं एक नाव. जे गमवायची तयारी नाही ते पणाला लावू नये, हे मान्य. पण लावल्यावर, आणि समोरच्याने त्याचंही लावलेलं असताना, "माझं तेवढं सोड" म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे.

तो "हो" म्हणाला की! असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. दोघांच्या संमतीने नियम बदलला, तिसऱ्या कुणाचं काही गेलं नाही. पण माझ्या घरात, माझ्या पटावर, माझ्या आईने केलेला चहा पिताना तो नाही कसा म्हणणार होता?

*

त्याच्या मूर्ती करड्या का आहेत हे मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. त्या रविवारनंतर विचारलं. त्याच्या शिफ्ट बदलत असतात. घरी लहान मूल आहे. रात्री दहानंतर त्याला खिडकीशी टेबल नसतं, झोप असते, तीही मिळाली तर. पनवेलहून येऊन-जाऊन त्याचे अडीच-तीन तास जातात. दर महिन्यातले दोन रविवार तो हे करतो. ते तास कुठल्याच मूर्तीवर दिसत नाहीत. माझे दोन आठवडे मात्र शोकेसमध्ये मांडलेले असतात आणि पाहुणे त्यांचं कौतुक करतात.

मला वाटतं माझी चूक इथे होती. कष्ट मोजताना मी फक्त दिसणारे कष्ट मोजले. आणि दिसणारे कष्ट करायला लागणारा मोकळा वेळ हीच मुळात एक मिळालेली गोष्ट आहे, हे विसरलो.

श्रावणात वर्सोव्याला मामांकडे गेलो होतो. पावसाळी बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात. डागडुजी होते, मग रंग. मामा आणि त्यांचे दोन भाऊ बोटीला रंग देत होते. काठाला पिवळी पट्टी, नाव नव्याने रेखलेलं. मी ब्रश घेतला आणि माझ्या सवयीने पट्टीची कड सरळ करत बसलो. मामा हसले. म्हणाले, एवढं कशाला, पहिल्या महिन्यातच घासून जाईल. तरी त्यांची स्वतःची पट्टी माझ्यापेक्षा सरळ होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात तो याच बोटींसाठी. पण ती विनंती असते. यंदा आम्ही रंग चांगला दिला आहे, तेव्हा वादळ मागे घे, असं कुणी समुद्राला बजावत नाही.

विनंती मीही करू शकलो असतो. "मला फार वाईट वाटतंय, एकदा सोडशील का?" असं म्हटलं असतं तर ते खरं असतं, आणि त्याच्या ब्लिट्झरच्या वेळी मी काय केलं होतं ते कदाचित तिथेच आठवलं असतं. मी हक्क सांगितला.

पुढच्या सामन्यात सात नंबरने त्याच मित्राविरुद्ध दोन टचडाउन केले आणि आम्ही जिंकलो. हे सगळं डोक्यात जुळल्यावर मी त्याला म्हटलं, मी सात नंबरवर काट मारतो. तो म्हणाला, आता काय उपयोग, ते दोन टचडाउन कुठे पुसणार? मग म्हटलं, तुझा ब्लिट्झर रंगवून देतो, पूर्ण, आखणीसकट. त्यावर तो बराच वेळ हसला. म्हणाला, "मत कर. फिर मैं भी री-रोल माँगूँगा."

आता नवा सीझन सुरू आहे. सात नंबर संघात आहे. त्याच्या शेपटीचं टोक परवा डब्यातून काढताना घासलं गेलं आणि खालचं करडं प्लास्टिक दिसायला लागलंय. रंग आणि ब्रश टेबलावरच आहेत. येत्या रविवारी मित्र यायच्या आत ते टोक रंगवावं की तसंच राहू द्यावं, हे अजून ठरलेलं नाही.