नाशवंत मुकुट

शास्त्रपाठ : १ करिंथ. ९:२४-२७



ता. १९ नोव्हेंबर २०२३ हा रविवार होता. त्या दिवशीं अहमदाबाद येथें क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना भारत व ऑस्ट्रेलिया ह्यांमध्यें चालला होता. सायंकाळच्या उपासनेस आमच्या मंदिरांत नेहमींच्या निम्मींहि माणसें नव्हतीं. जे आले नाहींत त्यांस मी दोष देत नाहीं. कारण जो व्यासपीठावर उभा होता त्याचेंहि मन तेथें नव्हतें. उपदेश मीं लवकर आटोपला. उपासना संपल्यावर एक विधवा बाई मागें थांबली. तिचा मुलगा चार दिवस तापानें फणफणत होता. त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, एवढेंच तिचें मागणें होतें. मीं उभ्याउभ्या दोन वाक्यें उच्चारलीं आणि घाईनें घर गांठलें.

त्या रात्रीं ट्रॅव्हिस हेड ह्यानें १३७ धावा काढल्या व ऑस्ट्रेलियानें सहा गडी राखून सामना जिंकला. आमच्या घरीं कोणी धड जेवलें नाहीं. कुटुंबाची प्रार्थना राहून गेली. मला फार वेळ झोप आली नाहीं. पण ती गेली ती त्या आजारी मुलाच्या काळजीनें नव्हे.

सकाळीं लाज वाटून मी त्या बाईच्या घरीं गेलों. ती रागावली नव्हती. ती इतकेंच म्हणाली, "साहेब, काल तुमी प्रार्थना केली, पण तुमचं मन घराकडं लागलं होतं." त्या साध्या बोलण्यानें मला जो उपदेश झाला, तोच आज मी तुम्हांपुढें ठेवीत आहें.

पहिली गोष्ट ही कीं, खेळ ही वाईट वस्तु नव्हे. करिंथ शहराजवळ दर दुसऱ्या वर्षीं इस्थमी क्रीडा भरत असत व दूरदूरचे लोक त्या पाहावयास येत. जिंकणाऱ्याच्या मस्तकीं झाडपाल्याचा मुकुट घालीत. तेथील मंडळीस पत्र लिहितांना प्रेषितानें धांवणाऱ्यांची निंदा केली नाहीं. उलट त्यांचा संयम व त्यांचें एकाग्र मन हीं विश्वासणाऱ्यांपुढें कित्ता म्हणून ठेवलीं. मात्र त्यानें एक भेद स्पष्ट केला : तो मुकुट सुकणारा आहे, आपल्या आशेचा मुकुट सुकत नाहीं. म्हणून गांवचीं मुलें सायंकाळीं माळावर चेंडू खेळतात, किंवा शेजारीपाजारी जमून सामना पाहतात, त्यांस कोणी उपदेशकानें पापी म्हणूं नये. चांगला फटका पाहून हर्ष होणें हेंहि देवाच्या देणग्यांपैकीं एक आहे.

दुसरी गोष्ट ही कीं, जी देणगी हातांतून खालीं ठेवतां येत नाहीं ती आपली धनीण होते. ऑगस्टिन ह्यानें आपल्या आत्मनिवेदनाच्या ग्रंथांत आलिपियस नांवाच्या मित्राची हकीगत सांगितली आहे. हा तरुण कायदा शिकण्यास रोम शहरीं गेला होता. तेथें शस्त्रधारी मल्ल प्रेक्षकांसमोर एकमेकांस ठार करीत. त्या तमाशाचा आलिपियसास तिटकारा असे. एके दिवशीं सोबत्यांनीं त्यास बळेंच तेथें ओढून नेलें. त्यानें डोळे घट्ट मिटून घेतले. पण कान उघडेच राहिले. कोणी एक मल्ल पडला, लोकांनीं एकच आरोळी ठोकली आणि ह्याचे डोळे उघडले. मग तोहि त्यांच्याबरोबर ओरडूं लागला, आणि पुढें स्वतःच दुसऱ्यांस तेथें घेऊन जाऊं लागला. हाच मनुष्य नंतर ख्रिस्ती होऊन आपल्या गांवीं बिशप झाला, ही देवाची दया. आपला क्रिकेटचा खेळ तसा रक्ताचा नव्हे, हें खरें. परंतु जमावाची आरोळी तीच आहे, आणि ती मनुष्याचा विवेक कसा हिरावून नेते तेंहि तसेंच आहे.

ह्याचा पुरावा फार दूर शोधावयास नको. ता. ३ जून २०२५ रोजीं बंगळूरच्या संघानें आयपीएल स्पर्धा जिंकली. दुसऱ्या दिवशीं विजयी खेळाडूंस पाहण्यासाठीं तेथील क्रीडांगणाबाहेर अफाट गर्दी लोटली. चेंगराचेंगरी झाली आणि अकरा जीव गेले. व्यवस्थेंत कोण चुकले ह्याचा न्याय करणें आपलें काम नव्हे, आणि मेलेल्यांस दोष देणें तर मुळींच नव्हे. आनंद करावयास तीं माणसें घराबाहेर पडलीं होतीं. परंतु ज्या घरीं त्या रात्रीं दिवा लागला नाहीं त्या घरास चषकाचें काय मोल?

तिसरी गोष्ट शेजाऱ्याविषयीं आहे. पूर्वीं मुंबईस पंचरंगी सामने होत असत. हिंदु, मुसलमान, पारशी व युरोपियन असे धर्म व जात ह्यांवरून संघ पाडलेले असत, आणि उरलेल्यांचा जो पांचवा संघ त्यांत आपले ख्रिस्ती खेळाडू असत. अशानें माणसामाणसांत भिंती उभ्या राहतात म्हणून गांधीजींनीं १९४० सालीं ह्या सामन्यांस नापसंती दर्शविली, आणि १९४६ नंतर ते बंदच झाले. ह्याच स्पर्धेंत १९४३ सालच्या अंतिम सामन्यांत सांगलीचे विजय हजारे, आपल्यांतलेच एक मराठी ख्रिस्ती, उरलेल्यांच्या संघाकडून खेळले. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या त्यांच्या होत्या. त्यांचे भाऊ विवेक ह्यांनीं केवळ २१ धावा काढल्या. पण ते चिकटून उभे राहिले, म्हणूनच दोघां भावांनीं मिळून ३०० धावांची भर घातली. तरी हिंदु संघ एक डाव व ६१ धावांनीं जिंकला. पुढें त्याच हजाऱ्यांच्या नेतृत्वाखालीं, हिंदु व मुसलमान सोबत्यांसह, भारतानें १९५२ सालीं मद्रासेस आपला पहिला कसोटी विजय मिळविला.

त्याच मद्रासेस, म्हणजे चेन्नईस, ता. ३१ जानेवारी १९९९ रोजीं दुसरी एक गोष्ट घडली. पाकिस्तानानें भारताचा अवघ्या १२ धावांनीं पराभव केला. सचिन तेंडुलकर १३६ धावा करून बाद झाले होते आणि हातीं आलेला विजय निसटला होता. तरीहि तेथील प्रेक्षक उठून उभे राहिले व त्यांनीं जिंकलेल्या पाहुण्यांसाठीं टाळ्या वाजविल्या. त्यांचे डोळे कोरडे नव्हते. पण मनें मोकळीं होतीं. जो हरूनहि टाळी वाजवूं शकतो तो खेळाचा धनी आहे, खेळ त्याचा धनी नव्हे.

आतां प्रत्येकानें आपलें अंतःकरण तपासावें. सामना हरल्यावर घरीं बायकोमुलांवर तुमचा आवाज चढतो काय? परक्या संघाची वाहवा करणाऱ्या शेजाऱ्याशीं बोलणें तुटतें काय? मुसलमान शेजाऱ्याच्या निष्ठेची परीक्षा तुम्ही सामन्यावरून घेतां काय? बियाण्यासाठीं ठेवलेला पैसा पैजेवर जातो काय? ऑनलाइन पैशांच्या खेळांस मनाई करणारा कायदा संसदेनें २०२५ सालीं केला. पण मनांतला लोभ कायद्यानें मरत नाहीं, आणि बुडालेल्या पैशाचें कर्ज बहुधा आईच्या किंवा पत्नीच्या अंगावरील दागिन्यांतून फिटतें.

उपदेशक बंधूंनो, तरुणांस नुसतें धमकावूं नका. त्यांच्याबरोबर माळावर जा, त्यांचा खेळ पाहा. मोठा सामना रविवारीं असेल तर उपासनेची वेळ मंडळीशीं विचार करून पुढेंमागें करा. त्यांत कमीपणा नाहीं. पण मंदिरांत आलांत म्हणजे मन घरीं ठेवून येऊं नका, आणि कोणी दुःखी दाराशीं थांबला तर धावसंख्या थांबूं द्या.

त्या बाईच्या मुलास आम्ही त्याच दिवशीं तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें आणि आठ दिवसांनीं तो घरीं परतला. पुढल्या वर्षीं, ता. २९ जून २०२४ रोजीं, भारतानें वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, तेव्हां गांवच्या मुलांत तोहि उड्या मारीत होता. मीहि मोठ्यानें हंसलों. मग आम्हीं दूरदर्शन बंद केलें, प्रार्थना केली, आणि त्या रात्रीं सर्वांस सुखानें झोप लागली.

ज्यानें आपणांस खेळण्यास शरीर व हंसण्यास हृदय दिलें, तो आपलें हृदय आपणच जपण्याची बुद्धि आपणां सर्वांस देवो. आमेन.