कोंबडीसाठी रडावे का?

घरातली कोंबडी मेली म्हणून कोणी रडू लागले, तर आपण काय म्हणतो? ‘एवढेच ना, शनिवारी बाजारातून दुसरी आणू.’ गेल्या पावसाळ्यात माझ्या आठ वर्षांच्या नातीला मीही हेच म्हणालो. तिने पिल्लापासून वाढवलेली तांबडी कोंबडी रात्री मुंगसाने मारली होती. तिला परसातल्या फणसाखाली पुरले, तरी मूल जेवेना. ज्या घरात जुम्याच्या दिवशी बिस्मिल्लाह म्हणून कोंबडी जबह होते, तेथेच एका कोंबडीसाठी अश्रू ढाळणे विसंगत नाही का, असा प्रश्न मला पडला.

उत्तर मदीनेतील एका घरात मिळते. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याने एक लहानसे पाखरू पाळले होते. ते मेले. मुलाला उदास पाहून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हसतखेळत, त्याच्या नावाशी यमक जुळवून, त्या पाखराची विचारपूस केली. साऱ्या उम्मतीची चिंता वाहणाऱ्यांना एका बालकाच्या पाखरासाठी सवड होती! आणि बकरी जबह करताना आपणास तिची दया येते, असे एका सहाबींनी सांगितले, तेव्हा प्रेषितांनी त्यास दुबळेपणा म्हटले नाही. अल्लाहच्या दयेची शुभवार्ता दिली. म्हणजे जबह करण्याची परवानगी आणि अंतःकरणाचा ओलावा एकाच छातीत नांदू शकतात. (ज्याला दया येतच नाही, त्याच्या हाती सुरी देताना मला तरी भीती वाटते.)

मर्यादा अर्थातच आहेत. प्राण्याला जनाजाची नमाज नाही. आक्रोश आणि तकदीरविषयी तक्रार नाही. पण डोळ्यांतील अश्रूंना मनाई नाही. पुत्र इब्राहीमच्या निधनसमयी प्रेषितांचेही नेत्र पाझरले होते.

मात्र तकदीरचे नाव घेताना जपावे. त्या रात्री खुराड्याची कडी लावण्याचे काम माझे होते आणि मी ते विसरलो होतो. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण मुलांना सांगतो. माझ्याकडून क्रौर्य नव्हे, विस्मरण घडले, हे खरे. पण ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून मी त्यावर पांघरूण घातले, तो सब्र होता काय? ‘दुसरी आणू’ या शब्दांत तिच्या सांत्वनापेक्षा माझी सुटकाच अधिक होती.

तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर मी तिला खरे ते सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने एवढेच विचारले, ‘नाना, उरलेल्या दोघींची कडी आज लावलीत?’